कोरा विस्तव

पुंजाजीचं काडेपेटीशी वैर होतं. वैर करायला माणसानं दुसरं काही शोधावं, असं वाडीतले लोक म्हणत. पण मला विचाराल तर त्याचं काही चुकत नव्हतं. काडीच्या टोकाला बसलेली आग कुणीतरी भलत्यानं, भलत्याच मुलखात करून ठेवलेली असते. आपण नुसती घासायची आणि तोऱ्यात चूल पेटवायची. काडी ओढणारा तो आयत्या बिळावरचा नागोबा, असं पुंजाजी म्हणायचा आणि बाजूला थुंकायचा.

त्याच्या कमरेच्या चंचीत चकमक असे. एक गारगोटी, बोटाएवढा पोलादाचा तुकडा आणि बांबूच्या नळकांडीत शेवरीचा कापूस. गारगोटीच्या कडेला कापूस धरायचा, पोलाद घासून हाणायचं, ठिणगी कापसावर पडली की फुंकर घालायची. सांगायला एवढंच. करून बघा म्हणजे कळेल. त्याच्या लेकानं, मल्हारीनं, लहानपणी करून बघितलं होतं आणि बोटं फोडून घेऊन नाद सोडला होता.

या घराण्यात मेंढरं होती. आखाडा बाळापूरच्या अलीकडं त्यांची वाडी. ज्वारी निघाली की बिऱ्हाड तट्टावर लादून ते कळप घेऊन निघत आणि रानोरान मेंढ्या बसवत जात. लेंड्यांचं खत पडतं म्हणून शेतकरी आपण होऊन बोलावत, धान्य देत. आणि पुंजाजीच्या घराण्यात एक रीत होती. नव्या रानात पाय ठेवला की तिथं कोरा विस्तव पाडायचा. मागच्या रानातला आणायचा नाही, शेजारच्या चुलीतला मागायचा नाही. मागची चूल मातीनं झाकून यायची आणि नव्या जागी नवी ठिणगी पाडायची, मगच मेंढ्या बसवायच्या. शिळा विस्तव आणला तर मेंढ्यांना मागच्या रानाची सपनं पडतात, असं पुंजाजी सांगे. मग त्या धड बसत नाहीत, झोपेतच उठून मागं चालू लागतात. मल्हारी बापाच्या पुष्कळ गोष्टींना हसायचा, पण या गोष्टीला कधी हसला नाही. झोपेत चालणारी मेंढी त्यानं पाहिलेली असावी.

तर या पुंजाजीचे डोळे गेले. एकदम नाही. आधी मेंढ्यांचे कान दिसेनासे झाले, मग मेंढ्या, मग रान. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच काय ते उरलं. त्या वर्षी सुगी संपत आली तेव्हा मल्हारी म्हणाला, "बा, यंदा तुमी वाडीतच ऱ्हावा. आत्यापाशी."

आत्या म्हणजे भागाबाई, पुंजाजीची विधवा बहीण. मनानं लाखात एक, पण तोंडाचं जातं एकदा फिरायला लागलं की दळण संपलं तरी थांबायचं नाही.

"मेंढराच्या वासाबिगर मला झोप लागत न्हाई," पुंजाजी म्हणाला. "तू मला घरात कोंडलं तर मी माघ बी बघायचो न्हाई."

"रानात खड्ड्यात पडून मराल त्यापरीस बरं."

बोलाचाली वाढली. बापलेकांत ठिणगी पडली ती चार दिवस विझली नाही. आणि मग एका बाजारादिवशी मल्हारी बाळापुरातून मीठ, मिरची घेऊन परत आला आणि पिशवी भिंतीशी आपटून बसला. तिकडं साता समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई चालू होती. तिनं आमच्या बाजारातनं आधी रॉकेल उचललं होतं, आता काडेपेटीही उचलली. सगळा बाजार पालथा घातला तरी एक काडी मिळाली नव्हती. बापाला मागं ठेवायचं तर काडीवाचून कोरा विस्तव पाडायचा कसा?

पुंजाजीनं चंची सोडली. कापूस धरला, पोलाद हाणलं. पहिल्याच घावाला कापसातनं धूर आला. आंधळ्या माणसाच्या तोंडावर एवढा माज मी दुसरा पाहिलेला नाही.

"चला मंग," मल्हारी म्हणाला. "पर एक बोली. तुमच्या हातानं विस्तव पडून राहिला तवर बराबर. ज्या दिशी पडला न्हाई, त्या दिशी तुमाला गाडीत घालून वाडीला धाडणार. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई."

"बोली ती बोली," पुंजाजी म्हणाला.

असं बिऱ्हाड निघालं. पुढं मल्हारी आणि कुत्री, मधे मेंढ्या, मागं मल्हारीची बायको पंचफुला तट्टाचं दावं धरून. तट्टावर भांडीकुंडी, दोन-तीन नवी कोकरं आणि पुंजाजी. तो छातीला हनुवटी लावून बसे. धड झोपेत नाही, धड जागा नाही. मेंढ्यांच्या खुरांचा सरसर आवाज कानाशी सारखा वाहत असे, उन्हाची ऊब एका गालावरून दुसऱ्या गालावर सरकत जाई आणि त्यावरून त्याला कळे की दिवस कलला.

कयाधूच्या पात्रात तट्टू उतरलं तेव्हा त्याला पहिली ठिणगी दिसली.

डोळ्याच्या कोपऱ्यात, कानाच्या बाजूला, एक निळी रेघ चमकली आणि गेली. त्याला वाटलं, कुणी घोंगडी झटकली. थंडीच्या दिवसांत अंधारात लोकरीची घोंगडी झटकली की तडतड ठिणग्या उडतात, हे धनगराच्या पोराला जन्मापासून ठाऊक असतं. पण उन्हं अजून होती आणि घोंगडी त्याच्याच खांद्यावर होती. तेवढ्यात दुसरी चमकली. मग एक पिवळी, लोहाराच्या ऐरणीवरून उडते तशी. मग दगडावर नाल घासल्यावर पडते तशी एक. मग पुष्कळ एकदम, पूर्णेहून हिंगोलीकडं निघालेल्या इंजिनाच्या नळीतून उडतात तशा. ते इंजिन त्यानं ज्वानीत पाहिलं होतं आणि कडब्याची गंजी पेटू नये म्हणून हात जोडून उभा राहिला होता. आयुष्यभर पाहिलेल्या ठिणग्या एकेक करून त्याला भेटायला येत होत्या. तो डोळे मिटून बघत राहिला. मिटले तरी दिसत होत्या, याचं त्याला काही वाटलं नाही.

संध्याकाळी पंचफुला भाकरी थापत होती. तो हळूच म्हणाला, "पोरी, कुणाला सांगू नको. मला दिसून राहिलं."

तिचा हात परातीत थांबला. "काय दिसतं मामा?"

"ठिणग्या. निळ्या, पिवळ्या. आधी ठिणगीच पडत असती. मंग जाळ धरतो. आज ठिणगी दिसली, दोन दिसांनी जाळ दिसंल, मंग जाळाच्या उजेडात तुमी समदे दिसाल. तू कशी हाईस ते मी धड बघितलंच न्हाई. तू आलीस तवाच डोळे चालले होते."

पंचफुलानं पदर पुढं ओढला. तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव सोडलं तर तिचं कौतुक असं कुणी केलेलं नव्हतं. सासऱ्याला आपण दिसणार म्हणून तिला लाजही वाटली आणि आनंदही झाला. एखाद्या शहाण्यानं तेव्हाच ओळखलं असतं की हे नजर परत येण्याचं लक्षण नव्हे, उरलीसुरली जाण्याचं आहे. पण तळावर शहाणं कुणी नव्हतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. दोन-तीन रानं त्या दोघांनी आनंदात काढली.

घोटाळा झाला तो त्याच आनंदानं. डोळे गेल्यापासून पुंजाजी चकमकीत एकदाही चुकला नव्हता. पोलादाचा आवाज ऐकायचा, कापसाचा वास येऊ द्यायचा, अंगठ्याला चटका बसू द्यायचा आणि मगच फुंकर मारायचा. दिसायला लागलं आणि कान, नाक, अंगठा या तिघांना त्यानं सुट्टी दिली. ठिणगी डोळ्यांना दिसली की झालं.

शिरड शहापूरच्या वाटेवरच्या एका रानात तो बसला, पोलाद हाणलं आणि म्हणाला, "पडली." कापूस त्यानं दगडावर ठेवून दिला, कारण सासरा सुनेच्या हातात वस्तू देत नसे. पंचफुलानं तो उचलला, गोवरीच्या चुऱ्यात ठेवला, फुंकलं. पुन्हा फुंकलं. कापूस पांढराशुभ्र होता. थंड होता.

तिनं वर पाहिलं. म्हातारा तोंड वळवून बसला होता आणि आपल्या ठिणग्या बघत हसत होता. पलीकडं मल्हारी मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या मेखा ठोकत होता. "मामा, न्हाई पडली," एवढं म्हटलं की काम होतं. फार तर त्यानं पुन्हा हाणलं असतं. पण पुन्हाही त्याला खोटीच दिसली तर? आणि मल्हारीच्या कानावर गेलं तर? बोली ती बोली. गाडीत बसलेला सासरा तिला डोळ्यापुढं दिसला आणि भागाबाईच्या दारातली ती अंधारी ओसरी दिसली.

बांधापलीकडं मागचं रान होतं. ती पाण्याचा हंडा घेऊन निघाली, झाकलेली चूल काटकीनं उकरली आणि धगधगता निखारा खापरात घालून पदराआड घेऊन आली. धूर झाला तशी मल्हारीनं लांबूनच विचारलं, "पेटला का?"

"पेटला," ती म्हणाली.

त्यानंतर ती निघतानाच निखारा घेऊ लागली. एका गाडग्यात राख, राखेत निखारा, गाडग्याभोवती लोकर. पुंजाजी "पडली" म्हणे, ती गाडग्यातली धग कापसाला लावी. म्हातारा खूश, नवरा खूश. फक्त तिला झोप येईना. शिळा विस्तव आपण आणतो, मेंढ्यांना मागची रानं दिसत असतील, असं तिला वाटत राही. डोळा लागलाच तर तिलाच सपन पडे. साऱ्या मेंढ्या डोळे मिटून एका रांगेत चालल्या आहेत, एकेक रान मागं टाकत, कयाधू ओलांडून, थेट वाडीत, भागाबाईच्या ओसरीपर्यंत. त्यांच्या पायांचा आवाज होत नाही. पहाटे ती दचकून उठे आणि बघे, तर मेंढ्या जाळीच्या आतच असत. पण सगळ्यांची तोंडं मागच्या रानाकडं. आता पहाटेचं वारं तिकडून येत असेल आणि मेंढरू वाऱ्याकडं तोंड करतं, हेही खरंच. मल्हारीनंही ती तोंडं पाहिली. तो नुसती दाढी खाजवत राहिला.

शिरड शहापूरला माणिकरावांचं मोठं रान होतं. बरेच दिवस मेंढ्या बसवायचा करार होता. तिथं पोचल्यावर मल्हारी तट्टावरचं ओझं उतरवू लागला आणि त्याचा हात लोकरीत गुंडाळलेल्या गाडग्यावर पडला. ते ऊन लागलं तसा त्यानं हात मागं घेतला. पंचफुलाकडं पाहिलं. ती खाली बघत होती. त्यानं गाडगं तसंच बांधाआड ठेवलं आणि त्या दिवशी मेखा न ठोकता बापासमोर येऊन बसला.

दिवस मावळत होता. मेंढ्या नव्या रानात उभ्या होत्या.

पुंजाजीनं कापूस धरला, पोलाद हाणलं. पोलाद गारगोटीच्या कडेवरून निसटलं, खट्ट वाजलं. म्हाताऱ्याचं तोंड उजळलं.

"पडली. निळी पडली बघ, मल्हारी."

मल्हारी त्या उजळलेल्या तोंडाकडं बघत राहिला. एरवी मल्हारीची जीभ म्हणजे नांगराचा फाळ, जिकडं जाईल तिकडं चर पाडत जाणारी. पण त्या दिवशी ती चालली नाही. "व्हय बा," तो म्हणाला. "पडली."

मी मल्हारीबद्दल पुष्कळ वाईट बोललो असेन. ते सगळं या एका बोलण्यासाठी माफ.

पण खोटं बोलायचीही सवय लागते. मल्हारीला ती नव्हती. पुंजाजीनं मान तिरकी केली. लेकाचा आवाज मऊ कधीपासून झाला, हे त्याला उमजेना. त्यानं कापूस नाकाशी नेला.

"मंग वास काहून येईना?"

एक कोकरू ओरडत होतं, त्याला त्याची आई सापडत नव्हती.

"मल्हारी गप ऱ्हाऊ दे. पोरी, तू सांग. तुला दिसली का?"

पंचफुलाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. हो म्हणावं तर म्हातारा उद्याही बसून खोट्या ठिणग्या पाडणार, नाही म्हणावं तर त्याचे डोळे आपणच दुसऱ्यांदा घेतले असं होणार. पण त्यानं विचारलं तिलाच होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात एवढी मोठी गोष्ट तिला विचारली गेली होती.

"न्हाई मामा."

"एकबी?"

"एकबी न्हाई."

"अन् मागल्या रानात?"

"तवाबी न्हाई. मी गाडग्यात निखारा आणून राहिले होते."

पुंजाजीच्या डोळ्यांत तेव्हाही ठिणग्या पडत असणार. निळ्या, पिवळ्या, थांबायचं नाव नाही. मग तो म्हणाला, "तरीच. मी म्हणलं, इतक्या पडून राहिल्या अन् एकीनंबी जाळ कसा धरला न्हाई."

त्याचा आवाज नेहमीसारखा होता. मला तो नेहमीसारखा होता हेच जास्त लागतं.

मग त्यानं चकमक जमिनीवर ठेवली आणि तिच्या दिशेनं सरकवली. "मेंढ्या उभ्या हायेत. तू पाड."

"मला कुठं येतं मामा?"

"येतं. डोळे मीट आधी. उघडे ठेवशील तर फसशील, माझ्यावानी. आता हाण. खट्ट वाजलं तर फुकट गेली. चर्र वाजलं तर पडली. वास येऊ दे. अंगठ्याला पोळू दे. मंग फुंक."

तिनं डोळे मिटले. खट्ट वाजलं. पुन्हा खट्ट. बोटाचं सालटं निघालं. म्हातारा ऐकत होता आणि प्रत्येक घावाला नुसती मान हलवत होता. मधेच म्हणाला, "पोलाद सैल धर. त्याला मारायचं न्हाई, खरवडायचं." आणि मग चर्र वाजलं. तिनं डोळे उघडले नाहीत. जळक्या कापसाचा वास आला, अंगठा पोळला, तिनं फुंकर घातली. पुंजाजीनं नाक वर करून हवा ओढली.

"हा कोरा," तो म्हणाला.

मेंढ्या बसल्या. वारं पडलं होतं, म्हणून बसल्या असतील. जेवण झाल्यावर पुंजाजीनं मल्हारीला सांगितलं, "माणिकरावाची गाडी उद्या सरकी आणाय बाळापूरला चालली म्हणं. मला बसव तिच्यात."

"बा, ऱ्हाऊ द्या आता ते."

"बोली ती बोली. विस्तव पाडाय माणूस हाय तुझ्यापाशी. नुसतं कीव करून ठेवलेलं म्हातारं मी होणार न्हाई."

सकाळी तो गाडीत बसला. घोंगडी अंगाभोवती घेतली, चकमकीची चंची पंचफुलाच्या पायाशी टाकली आणि गाडी हलायच्या आधीच त्यानं डोळे मिटले. मल्हारी बांधापर्यंत गाडीमागं चालत गेला आणि तसाच परत आला. त्या दिवशी त्यानं कुत्र्यांनाही हाक मारली नाही. बापाला थांबवावं असं त्याला फार वाटत होतं, पण कुठल्या तोंडानं थांबवणार? बोली त्यानंच घातली होती. आणि कीव म्हटलं की म्हातारा जाग्यावर वाळून गेला असता पण परत आला नसता.

माणिकरावांच्या रानात मेंढ्या बसल्या, खत पडलं. मग पलीकडच्या शेतात जायची वेळ आली. मल्हारीनं मेखा उपटल्या, चूल मातीनं झाकली, कळप बांधापलीकडं नेला. दिवस अजून दोन कासरे वर होता. पंचफुला कोऱ्या जमिनीवर बसली, चंची सोडली. मल्हारी समोर उकिडवा बसला.

तिनं पोलाद ओढलं. चर्र. लख्ख पिवळी ठिणगी उडाली. कापसापासून चांगली चार बोटं लांब पडली आणि मातीत विझली.

"न्हाई पडली," ती म्हणाली.

पुन्हा चर्र. या खेपेला दोन उडाल्या. कापूस तिनं मुठीत आत ओढून धरला होता.

"न्हाई."

ती हाणत राहिली. ठिणग्या उडत राहिल्या. मोठ्या, लहान, एखादी तर तिच्या पदरावरही पडली आणि तिथं तिळाएवढं भोक पाडून गेली. प्रत्येक वेळी ती शांतपणे "न्हाई" म्हणत होती. डोळे मात्र सताड उघडे होते आणि ते मल्हारीवर होते.

मल्हारी आधी ठिणग्यांकडं बघत होता, मग तिच्या मुठीकडं, मग रागानं तिच्याकडं. तो मठ्ठ नव्हता. हळूहळू त्याच्या तोंडावरचा राग उतरला आणि तिथं काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यानं घसा साफ केला.

"मंग आता कसं करावं?"

"मामा जवळ बसल्याबिगर माझ्या हातानं पडत न्हाई," ती म्हणाली. "त्यायला कानानं कळतं. मला कळत न्हाई. तसंच सांगा त्यायला. कीव न्हाई, काम अडलं म्हणा."

"जायला यायला दिवस मोडतील."

"मोडू द्या. मेंढ्या मी मागल्या रानात नेते. तिथल्या चुलीत आपला विस्तव हाय."

मल्हारी उठला. घोंगडी खांद्यावर टाकली, तट्टाजवळ गेला. तिथून त्यानं मागं वळून पाहिलं. ती कापूस नळकांडीत परत भरत होती.

"मला तर दिसल्या," तो म्हणाला. "एक सोडून धा दिसल्या."

"मामालाबी दिसायच्या," पंचफुला म्हणाली.

मल्हारीनं तट्टाचं दावं सोडलं.